हिमप्रदेशांतील खादाड

अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया व सायबेरिया येथील हिमप्रदेशांत वुल्व्हरीन नांवाचा प्राणी आढळतो. रूप लहानशा अस्वलाचें. कूळ मात्र पाणमांजराचें. शास्त्रज्ञ लिनिअस यानें १७५८ सालीं त्याच्या शास्त्रीय नांवांत ‘गुलो’, म्हणजे खादाड, हा शब्द घातला, आणि ती अपकीर्ति कायमची चिकटली.

नराचें वजन सुमारें १५ किलोग्रॅम. तरीहि गोठलेलें मांस व हाडें फोडण्याचें बळ त्याच्या जबड्यांत असतें. बर्फाखालीं गाडलेल्या मृत जनावराचाहि वास त्याला लागतो. पोट भरल्यावर उरलेलें मांस तो बर्फांत, दगडांच्या फटींत दडवून ठेवतो. लोकांना हा अधाशीपणा वाटला. वस्तुतः ती पुढील दिवसांची बेगमी होय.

हिवाळा सरण्यापूर्वीं मादी खोल बर्फांत बीळ करून शुभ्र पिलांना जन्म देते. बर्फ हेंच त्यांचें घर व हेंच कोठार. पण पृथ्वीचें तपमान वाढत असून वसंतांतील बर्फ घटत आहे. त्यामुळेंच अमेरिकेच्या सरकारनें २०२३ सालीं, अलास्का वगळून, आपल्या देशांतील वुल्व्हरीनला संकटग्रस्त प्राण्यांत गणलें. लांडग्यांपुढें न हटणारा हा प्राणी बर्फावांचून मात्र निराधार आहे.