खाडीवरील फेरीबोट

वर्ध्याजवळच्या नालवाडीहून विनोबा भावे १९३८ साली पवनारला राहावयास निघाले, तेव्हा त्यांची मोटार धाम नदीच्या पुलावरून पार झाली. नदी ओलांडणे म्हणजे पूल ओलांडणे, अशीच देशावरील माणसाची समजूत असते. कोकणच्या खाडीकाठी मात्र पाणी रुंद आणि पूल दूर. तेथे मोटारीलाच बोटीत चढावे लागते. अशी फेरीबोट चालते कशी, आणि तिची सुरक्षितता कोणाच्या हाती असते, हे पाहण्यासारखे आहे.

दापोली तालुक्यातील दाभोळ व गुहागर तालुक्यातील धोपावे ही गावे वाशिष्ठीच्या मुखाशी समोरासमोर वसली आहेत. पैलतीर डोळ्यांना दिसे; परंतु गाडी न्यावयाची तर चिपळूणचा वळसा घ्यावा लागे. २००३ साली येथे मोटारी वाहणारी फेरीबोट सुरू झाली. पुढे वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ व दिघी–आगरदांडा येथेही तशाच बोटी चालू लागल्या.

बोट दिसावयास साधी. तळ उथळ, वर सपाट डेक आणि तोंडाशी खाली सोडता येणारा लोखंडी रॅम्प. धक्का उतरता बांधलेला असतो, कारण पाण्याची पातळी स्थिर नसते. भरती दिवसातून दोनदा येते व रोज सुमारे ५० मिनिटे उशिराने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार चढते व फार उतरते. भांगाच्या दिवसांत हा फरक कमी असतो. यास्तव तांडेलाला, पाण्याची ओढ सांभाळीत, दर वेळी धक्क्याच्या निराळ्या भागी बोट टेकवावी लागते. मग खलाशी एकेक गाडी आत घेतात. जड गाडी मध्यावर, हलक्या दोहों बाजूंस, दुचाक्या उरल्या जागेत. वजन एका अंगास गेले की बोट कलते. घाईच्या प्रवाशास ही मांडामांड उगीचच वाटते.

ती उगीच नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी लाटांत सापडली. भयभीत उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. मुंबईस ही वार्ता कित्येक तासांनी कळली. ती बोट मोटारी वाहणारी नव्हती. पण समुद्राचा नियम दोहोंना एकच. मार्च २०२० मध्ये त्याच भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास प्रवासी व मोटारी नेणारी मोठी फेरीबोट सुरू झाली. यंत्रे सुधारली, हवामानाची सूचना वेळेवर मिळू लागली. तरी ती सूचना मानावयाची की नाही, हे अखेर माणसावरच राहिले.

रेवस–रेड्डी सागरी मार्गासाठी खाड्यांवर पूल योजिले आहेत. ते होतील तेथे फेरीबोटीचे काम सरेल. तोवर तिचे खरे बळ इंजिनात नसून दोन शब्दांत आहे: ‘आता पुरे’ आणि ‘आज नाही’. पहिला बोट भरल्यावर, दुसरा पाणी खवळल्यावर उच्चारावयाचा. खेप रद्द झाली म्हणजे प्रवाशाचा खोळंबा होतो, कोणाचे लग्न चुकते, कोणाचा दवाखाना लांबतो. हा त्रास खराच. परंतु नकार देणाऱ्या तांडेलावर संतापणारा प्रवासी ज्या जिवासाठी धावपळ करतो, तोच जीव तांडेल राखीत असतो. धक्क्यावर थांबलेल्या माणसाने एवढे ध्यानी घेतले, तर बोटीवरील शिस्तीचा अर्धा भार त्यानेच उचलला असे होईल.