परीक्षा महाविद्यालयाची



निकालाचे दिवस आले की गावोगावच्या महाविद्यालयांच्या दारांवर फलक झळकू लागतात. ‘बी. ए. चा निकाल ९० टक्के’, ‘वाणिज्य शाखेची उज्ज्वल परंपरा कायम’. आईबाप ते फलक वाचतात, समाधानाने मान डोलावतात आणि मुलाचे नाव घालून घरी जातात. यात त्यांचे काही चुकते असे नाही. महाविद्यालय चांगले की वाईट हे ओळखायला त्यांच्या हाती दुसरी खूण तरी कोणती असते?

पण या ९० टक्क्यांचा हिशेब आपण एकदा मांडून पाहू या. समजा, पहिल्या वर्षाला १२० मुलांनी प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला त्यांपैकी ८० बसली आणि ७२ उत्तीर्ण झाली. ८० पैकी ७२ म्हणजे ९० टक्के. फलक खोटा नाही! पण आरंभीच्या १२० शी ताडून पाहिले तर हाच निकाल ६० टक्क्यांवर येतो. नापास झालेल्या आठांचा पत्ता निदान गुणपत्रिकेवरून लागतो. मधल्या काळात गळून गेलेल्या ४० जणांचे काय? ती का गेली, कुठे गेली, इंग्रजी झेपले नाही म्हणून गेली की घरच्या अडचणीने गेली, हे कोणत्याच फलकावर लिहिलेले नसते. बहुतेक ठिकाणी ते कोणी विचारलेलेही नसते.

हे विचारण्याची एक रीतसर पद्धत आहे. आपण जे शिकवतो ते कसे चालले आहे, हे महाविद्यालयाने ठराविक मुदतीने स्वतःच तपासायचे. याला कोणी शैक्षणिक आढावा म्हणतात, कोणी शैक्षणिक लेखापरीक्षण म्हणतात. नाव काही का असेना, आज त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

आपल्याकडे ही सवय उशिरा का लागली, याचे कारण थोडे मागे गेले तर सापडते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचे महाविद्यालयांनी. म्हणजे शिकवणारा एक आणि पारखणारा दुसरा. या वाटणीमुळे परीक्षेला वजन आले, हे खरे. पण आपल्या कामाचे मोजमाप आपण करायचे नसते, ते मार्च-एप्रिलमध्ये बाहेरून होत असते, अशी समजूतही महाविद्यालयांत मुरली. पुढे १९०४ च्या कायद्याने संलग्न महाविद्यालयांवर विद्यापीठांची देखरेख आली. तपासणीला मंडळी येऊ लागली. खोल्या किती, ग्रंथालयात पुस्तके किती, शिक्षकांची पात्रता काय, प्रयोगशाळेत उपकरणे आहेत की नाहीत? हे प्रश्न आवश्यकच होते. पण वर्गात बसलेल्या मुलाला शेवटी काय आले, हा प्रश्न त्या यादीत क्वचितच असे.

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६४ ते ६६ या काळात साऱ्या शिक्षणव्यवस्थेचा विचार केला. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. चांगल्या महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी, त्यांना आपला अभ्यासक्रम आणि आपल्या परीक्षा ठरवू द्याव्यात, अशी शिफारस या आयोगाने केली. ती अमलात यायला वेळ लागला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली ती २०१० साली. दरम्यान १९९४ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘नॅक’, स्थापन झाले. नॅकच्या मूल्यांकनाची पद्धत पुढे मधूनमधून बदलत आली; पण तिच्यात एक गोष्ट नवी होती. बाहेरच्यांनी पाहण्याआधी महाविद्यालयाने स्वतःचा अहवाल स्वतः लिहायचा. मागाहून प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षही आला. आधी स्वतः पाहा, मग दुसऱ्याला दाखवा, असा त्यामागचा विचार होता.

विचार चांगला होता. व्यवहारात काय झाले ते महाविद्यालयात वावरणाऱ्यांना ठाऊक आहे. नॅक येणार म्हटले की लग्नघराची कळा येते! भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, फाइलींचे गठ्ठे तयार होतात. पाच वर्षांत न झालेल्या सभांची इतिवृत्ते पाच रात्रींत लिहून निघतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून एका तपासणी समितीच्या सदस्यांना अटक करण्याची वेळ आली. आढावा ही दाखवण्याची वस्तू झाली की त्याचे असे होते. आपण आडाचा गाळ काढतो तो पाहुणे यायचे म्हणून नव्हे. पाणी आपल्यालाच प्यायचे असते म्हणून.

मग खरा आढावा कसा घ्यावा?

पहिली गोष्ट अशी की, तो सगळ्या महाविद्यालयाचा एकदम घेऊ नये. एकेका अभ्यासक्रमाचा घ्यावा. या वर्षी भूगोल आणि वाणिज्य, पुढच्या वर्षी मराठी आणि रसायनशास्त्र, असे पाळीपाळीने केले म्हणजे चार-पाच वर्षांत सर्वांची एक फेरी पुरी होते. आणि आकड्यांवर नजर मात्र दरवर्षी टाकावी. किती आले, किती टिकले, किती उत्तीर्ण झाले, पुढे काय करतात, एवढे चार आकडे पुरेत.

दुसरी गोष्ट. हा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाला काय करता आले पाहिजे, हे आधी साध्या मराठीत लिहून काढावे. अलीकडे याला ‘निष्पत्ती’ असा भारदस्त शब्द आला आहे आणि प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती छापून तयार असतात. ‘विद्यार्थ्यांत सर्वांगीण जाणीव विकसित होईल’ असले ते वाक्य असते. ते तपासायचे कसे? त्यापेक्षा असे लिहावे : भूगोलाच्या पदवीधराला आपल्या तालुक्याचा स्थलनिर्देशक नकाशा हाती दिला, तर समोच्चरेषा वाचून पाणी कुठून कुठे वाहील हे सांगता यावे. बी. कॉम. झालेल्या मुलीसमोर एखाद्या दुकानाच्या वर्षभराच्या नोंदी ठेवल्या, तर नफा झाला की तोटा हे तिला काढून दाखवता यावे. आता हे तपासता येते! येते की नाही, एवढेच पाहायचे.

तिसरी गोष्ट प्रश्नपत्रिकांची. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर ओळीने मांडाव्यात. ‘टीपा लिहा’ आणि ‘सविस्तर वर्णन करा’ यांखेरीज त्यांत काही आहे का? तोच प्रश्न एकाआड एक वर्षी येतो का? तसे असेल तर मुले पाठ्यपुस्तक सोडून मार्गदर्शक पुस्तिका का घेतात, याचे उत्तर तिथेच मिळाले. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांच्या वह्या उघडून पाहाव्यात, ज्यांना आपण जर्नल म्हणतो. पाच जर्नलांत एकाच जागी एकच चूक आढळली आणि तिच्याखाली पाचही ठिकाणी सही असली, तर प्रयोग किती जणांनी केला आणि उतरवून किती जणांनी घेतला, हे सांगायला वेगळी समिती नको.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाची. शिक्षक वर्गात उभे आहेत आणि मुले त्यांच्याविषयीचा अर्ज भरत आहेत! सगळीकडे ‘उत्तम’ शेवटी येणारच. मोबाइलवर अर्ज भरून घेतला म्हणून यात फारसा फरक पडत नाही. आठ-दहा मुलांना निकाल लागल्यानंतर, त्यांचे शिक्षक समोर नसताना, बाहेरच्या महाविद्यालयातल्या दोघांनी बोलते करावे. आणि त्या गळालेल्या ४० जणांना फोन करावा. समजा त्यांतली पंधरा जणं म्हणाली की, प्रात्यक्षिक दुपारी तीनला असे आणि आमच्या गावची शेवटची एस. टी. साडेतीनची, तर दोष रसायनशास्त्रात नाही, वेळापत्रकात आहे. तो पुढच्या सोमवारी दुरुस्त होऊ शकतो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. आढाव्यानंतर काय बदलले, ते लिहून ठेवायचे. कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. पुढल्या वर्षीच्या सभेत पहिला विषय हाच घ्यायचा. आढावा घेऊनही पुढल्या जूनमध्ये तेच वेळापत्रक, तीच टिपणे आणि तीच प्रश्नपत्रिका राहिली, तर कितीही जाडजूड अहवाल लिहिला तरी आढावा झाला असे म्हणता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सरळ आहे तर होत का नाही? प्राध्यापक मंडळी आळशी आहेत का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचणी खऱ्या आहेत.

एक अडचण अशी सांगतात की, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची. मग आम्ही आढावा घ्यायचा कशाचा? स्वायत्त महाविद्यालयाला हे म्हणता येत नाही. त्याचे स्वतःचे अभ्यासमंडळ असते, त्यावर बाहेरचे तज्ज्ञ असतात, एखादा माजी विद्यार्थीही असतो. पण संलग्न महाविद्यालयाच्या हातीसुद्धा बरेच आहे. कोणता भाग आधी शिकवावा, अंतर्गत गुण कशासाठी द्यावेत, कच्च्या मुलांसाठी जादा तास कधी घ्यावेत, हे तेच ठरवते. शिवाय अमुक भाग आमच्या मुलांना का जड जातो, हे पुराव्यानिशी विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला कळवता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि त्यानंतर श्रेयांक, विषयांच्या जोड्या, चार वर्षांची पदवी असे पुष्कळ बदल महाविद्यालयांपर्यंत पोचले. इतके काही बदलत असताना ते मुलांच्या पचनी पडते आहे का, हे वर्गात उभ्या असलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार?

दुसरी अडचण भीतीची आहे, आणि तिच्याविषयी उघड बोलले जात नाही. मुलांच्या संख्येवर तासांची संख्या ठरते, तासांवर कार्यभार ठरतो आणि कार्यभारावर शिक्षकाचे पद. आपल्या विभागात मुले टिकत नाहीत, असे जो प्रामाणिकपणे लिहील, त्याच्या शेजारच्या सहकाऱ्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. मग कोण लिहील? म्हणून संस्थाचालकांनी आधी एक गोष्ट स्पष्ट करावी : आढाव्यात निघालेल्या उणिवा हे पद कमी करण्याचे निमित्त होणार नाही. एखाद्या गावी तत्त्वज्ञानाला किंवा संस्कृतला नऊच मुले असतील. पण त्या नऊ जणांना उत्तम शिकवले जात असेल, तर तो विभाग चांगला आहे. मुले किती, हा एक प्रश्न आणि शिकवणे कसे, हा दुसरा. दोन्ही विचारावेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

तिसरी अडचण तासिका तत्त्वावरील शिक्षकांची. कित्येक ठिकाणी बरेचसे तास हेच तरुण शिक्षक घेतात. त्यांची नेमणूक वर्षापुरती, मोबदला तासाप्रमाणे. आढाव्याच्या सभेला त्यांना बोलावणे नसते आणि बोलावले तरी त्या वेळेचा मोबदला नसतो. ज्याने वर्ग शिकवला तोच सभेत नाही. मग सभा कशाची? आढावा गांभीर्याने घ्यायचा तर त्यांना त्या वेळेचे पैसे देऊन बसवावे लागेल, आणि शिकवण्याची घडी बसायला माणूस वर्षानुवर्षे टिकावा लागतो, हेही अहवालात स्पष्ट लिहावे लागेल.

हा सगळा खटाटोप शेवटी कोणासाठी, असे कोणी विचारील. ज्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्या घरच्या मुलाला वर्ग बरा नसला तर शिकवणी मिळते, पुस्तके मिळतात, नाहीतर तो महाविद्यालयच बदलतो. घरात कोणीतरी सांगते, ‘अरे, हे असं शिकवत नाहीत.’ पण घराण्यात पहिल्यांदाच पदवीच्या वर्गात पाऊल टाकणारी जी मुलगी आहे, तिला हे सांगणारे कोणी नाही. तिला जे मिळते तेच शिक्षण, असे ती धरून चालते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत उत्तर सुचले नाही, तर ती दोष स्वतःला देते. महाविद्यालयाला देत नाही. तिच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणीतरी महाविद्यालयाच्या आतच असले पाहिजे.

तेव्हा प्रवेशासाठी जाल तेव्हा निकालाचा आकडा जरूर विचारा, आणि त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारा. तीन वर्षांपूर्वी या वर्गात किती मुले आली होती आणि त्यांतली आज किती आहेत? आणि गेल्या वर्षी तुम्ही शिकवण्यात काय बदलले? पहिल्या प्रश्नाला आकडा आणि दुसऱ्याला एखादे साधे, नेमके उत्तर मिळाले, तर ते महाविद्यालय आपली परीक्षा आपण घेते, असे खुशाल समजावे.