जवळ्याच्या पुडीमागची बाई

(फैजपूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज येताना मी किराणा दुकानातून एक पुडी आणली आहे. आत जवळा आहे आणि थोडे सुके बोंबील. आपल्यापैकी अनेकींच्या घरात ही पुडी येते. केळीच्या बागेत दिवसभर राबून आलेली बाई मूठभर जवळा कांद्यावर परतते, सोबत कळण्याची भाकर, की झालं जेवण. मटण परवडत नाही, डाळही जपून शिजवावी लागते. म्हणजे ही पुडी चैन नाही. पोरांच्या अंगी लागणारं ते स्वस्त अन्न आहे.

मी दुकानदाराला विचारलं, "भाऊ, हा माल कुठला?" ते म्हणाले, "ठोक व्यापाऱ्याकडून येतो ताई. त्याच्या मागचं आपल्याला काय माहीत?"

मागचं मी सांगते. आपल्यापासून चारशे किलोमीटरांहून दूर, उत्तन, अर्नाळा, वर्सोवा अशा गावांत डोल जाळ्यात बोंबील आणि जवळा सापडतो. होडी किनाऱ्याला लागली की पुढचं बरंचसं काम कोळणींचं. मासळी निवडायची, धुवायची, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायचे, जवळा उन्हात पसरायचा. अवकाळी पाऊस आला की सगळी मेहनत मातीत. तरीही "मच्छीमार" म्हटलं की डोळ्यांसमोर होडीतला पुरुषच येतो. "शेतकरी" म्हटल्यावर आपल्या बाबतीत होतं, तेच!

आता माशाचं बघा. डोल जाळ्याची आस बारीक असते. जवळ्याबरोबर इतर माशांची पिल्लंही त्यात येतात. वाढण्याआधीच पिल्लं उपसली तर पुढच्या वर्षी अंडी कोण घालणार? म्हणून 2023 साली राज्य शासनाने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. बोंबलाची आहे 180 मिलिमीटर, साधारण बाईच्या वितीएवढी. अर्थात हे माप ताज्या माशाचं. सुकल्यावर तो थोडा आखडतो. शिवाय बरीच बारीक मासळी दळून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते. समुद्र ओसरला तर श्रीमंताच्या ताटातली सुरमई महाग होईल. आपल्या ताटातला जवळा मात्र नाहीसाच होईल.

परदेशात यावर एक तोड निघाली. 1997 साली एक संस्था स्थापन झाली. जपून केलेल्या मासेमारीच्या मालावर तिची निळी खूण असते आणि मोठ्या दुकानांतली गिऱ्हाइकं ती बघून मासे घेतात. भारतात हे प्रमाणपत्र पहिल्यांदा 2014 साली केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या कागदाच्या पुडीवर कुणाची खूण असणार? आपल्याला आपले डोळे आणि आपली जीभच वापरायला हवी.

माल कुठल्या गावचा, हे विचारा. बोंबील फारच बोटभर असतील तर तसं बोलून दाखवा. जवळ्यात वाळू लागली तर तो जमिनीवर वाळवला आहे असं समजा. पण तेवढ्याने त्या कोळणीला दोष देऊ नका. उंच ओटे आणि जाळीचे मंच तिला मिळायला हवेत, ही मागणी आपलीही आहे.

कुणी म्हणेल, चांगला माल महाग पडतो, मजूर बाईने काय करावं? तिच्यावर एकटीवर हे ओझं टाकायचंच नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते, म्हणून मे महिन्यात आपण पावसाळ्याची बेगमी करतो. ती गटाने एकत्र केली तर? दहा गटांची मागणी घेऊन किनाऱ्यावरच्या बायकांच्या गटाशी थेट बोललो तर मधला नफा वाचेल. त्यातला थोडा त्यांना, थोडा आपल्याला.

1936 साली याच फैजपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही मांडलं होतं. वस्तू कुणाच्या हातची, हा प्रश्न या गावाने तेव्हा ऐकला आहे. तोच आता किराणा दुकानात विचारू या. एकीने विचारलं तर दुकानदार हसेल. पन्नासजणींनी विचारलं तर तो ठोक व्यापाऱ्याला विचारील.