लाल स्टिकर लपवू नका

मी कामरगावातल्या बचत गटांचं काम पाहते. आज हप्त्या-कर्जाचं बोलणं नाही. आज बोलूया जोखमीच्या गरोदरपणाबद्दल.

माझंच सांगते. दुसऱ्या खेपेला सातवा महिना होता, सोयाबीनची सोंगणी चालू होती. डोकं ठणकायचं, बोटातली अंगठी निघेना. घरचे म्हणाले, "दिवसांत सूज येतेच." आशाताईंनी मात्र ९ तारखेच्या तपासणीला नेलंच. बी.पी. १५०/१०० निघालं. कार्डावर लाल स्टिकर लागला. मला वाटलं, आपल्यातच काही खोट आहे. गोळ्या घेत होते, पण ते कार्ड साड्यांच्या घडीखाली लपवलं.

आठव्या महिन्यात एका रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी दारात उभी आणि सासूबाई कार्ड शोधताहेत! वेळेत अमरावतीला पोचलो म्हणून वाचले. मुलगी कमी वजनाची झाली, आज ती दुसरीत आहे.

म्हणून सांगते, लाल स्टिकर म्हणजे डाग नाही. या बाईकडे आधी बघा, एवढाच त्याचा अर्थ.

जोखीम कोणाला? रक्त ७ ग्रॅमपेक्षा कमी, बी.पी. १४०/९० किंवा जास्त, साखर, सिकलसेल, आधीचं सिझर, पोटात जुळं, वय १८ च्या आत किंवा ३५ च्या पुढे. अशा बाईचं बाळंतपण घरी नको, दवाखान्यातच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही सोय आहे. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. बी.पी.ची गोळी बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, अंधारी, झटके, तोंडा-हातावर सूज, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे.

आमच्या गटात आता बैठकीला वसुलीआधी विचारतो: कोणाच्या घरी कोण गरोदर आहे? स्टिकर कोणता? रात्री गाडी कोणाची? रक्त कोण देणार? मोठ्या लेकराला कोण सांभाळणार? नावं वहीत लिहून ठेवतो. कार्ड दाराजवळच्या खिळ्याला, पिशवीत.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा.