मोठी चाकं लावण्याआधी


गाडीला मोठी चाकं लावायचा विचार आहे?
मग आधी ड्रायव्हरचं दार उघडा.
बहुतेक गाड्यांत तिथंच, चौकटीवर, टायरचं मूळ माप लिहिलेलं असतं.

समजा, माप आहे 185/65 आर 15.
पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
दुसरा, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत.
शेवटचा, रिमचा व्यास, इंचांत.

रिम इंचभर वाढवली, तर टायरची भिंत बुटकी हवी.
म्हणजे 195/55 आर 16.
चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते.
पुन्हा सांगते, एकूण उंची तीच राहिली पाहिजे.
ती फार वाढली, तर टायर मडगार्डला घासू लागतो.
शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.
हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

उंची जुळली, तरी रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसेल ते, विचारा.
तो मूळ रिमपेक्षा कमी असेल, तर चाक बाहेर सरकतं, मडगार्डकडे.
जास्त असेल, तर आत, सस्पेन्शनकडे.

चाकं बसवल्यावर, दुकानातच,
स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.
मग मागच्या सीटवर माणसं बसवा,
आणि गाडी स्पीडब्रेकरवरून हळू न्या.
घासल्याचा आवाज आला, तर पैसे देण्याआधीच सांगा.