यकृताचा तुकडा कधी काढावा?

काविळीचा रोगी बरळू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, की घरचे लोक त्याला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात आणतात. पुष्कळदा कावीळ उतरवून घेण्यात आठ दिवस घालवून मगच आणतात, ते असो. तिथे कोणीतरी म्हणतोच, "डॉक्टरसाहेब, तुकडा काढून तपासा ना, म्हणजे नक्की कळेल."

मागणी रास्त वाटते. पण रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच तयार करते. तेच थकले म्हणजे सुईचे भोक लवकर बुजत नाही, पोटात रक्त साचते. शिवाय टंचाईत दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई कावीळ (ई तर गरोदर बाईला फार घातक) साध्या रक्ततपासणीत ओळखता येते. तिथे तुकडा कशाला?

मग काढायचा केव्हा? कारण सापडत नाही आणि उत्तरावर उपचार बदलणार आहे, तेव्हा. शरीर आपल्याच यकृतावर उलटले असेल, तर स्टेरॉइड देऊन पाहता येते. यकृतभर कर्करोग पसरला असेल, तर यकृतरोपणाचा विचार सोडावा लागतो. अशा वेळी सुई बरगड्यांमधून न घालता मानेच्या शिरेतून यकृताच्या शिरेपर्यंत नेतात. रक्त आले तरी बहुधा शिरेतच परत जाते.

आणि तुकडा तो केवढा! दीड किलोच्या यकृतातली एक शेवई. एका जागी पेशी मेलेल्या, शेजारीच नव्या उगवलेल्या. रोगी वाचेल की नाही, हे त्या शेवईवरून सांगता येत नाही.