सांडपाण्याचा खर्च कोणी सोसायचा?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



नगरपालिकेच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात पाणीपट्टी, रस्ते आणि दिवाबत्ती यांना हमखास स्थान मिळते. कारखान्याने आपले सांडपाणी कोणत्या अवस्थेत सार्वजनिक गटारात सोडावे, याविषयीचे नियम मात्र अभियंत्यांचा विषय म्हणून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः हा वाटपाचा प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ विल्यम कॅप यांनी खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील आपल्या १९५० च्या ग्रंथात याच प्रश्नाचा विचार केला. मालकाच्या हिशेबवहीत न दिसणारा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी बसतो.

तो कोणाच्या माथी बसतो, हे नीट पाहिले पाहिजे. कातड्यावरील केस काढण्यासाठी चर्मोद्योगात सल्फाइड वापरतात. ते पाणी गटारात आम्लयुक्त पाण्याला मिळाले की हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो. घरगुती मैल्यातूनही तो निर्माण होतो. कारखान्याचे पाणी त्यात भर घालते. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. गटारात उतरणारा माणूस बहुधा कोणत्या जातीचा असतो, हे या सभेला सांगावयास नको.

दुसरा बोजा नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रावर पडतो. हे केंद्र जिवाणूंच्या बळावर चालते. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खाऊन टाकतात. क्रोमियमसारखा धातू त्यांना पचत नाही. तो त्यांना अपाय करतो आणि गाळात साचतो. तोच गाळ खत म्हणून, तेच पाणी सिंचन म्हणून शेतात गेले की तिसरा बोजा शेतकऱ्याच्या जमिनीवर येतो.

म्हणून पूर्वप्रक्रियेचा नियम आला. कारखान्याने आपल्या आवारातच पाणी टाकीत साठवून एकसारखे करावे, आम्लता शमवावी, तेल व गाळ काढावा, धातू वेगळा करावा आणि मगच ते गटारात सोडावे, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला. केंद्राचा कायदा १९७४ चा. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली सर्वसाधारण मानके ठरली. त्यांचे आकडे बोलके आहेत. जैवरासायनिक प्राणवायूची मागणी नदीत सोडताना लिटरला ३० मिलिग्रॅम चालते, गटारात ३५०. कारण उरलेले काम नगरपालिकेचे केंद्र करील, असे गृहीत आहे. एकूण क्रोमियमची मर्यादा मात्र दोन्हीकडे २ मिलिग्रॅमच आहे, कारण ते काढण्याचे काम कारखान्याचेच. अर्थात, ज्या शहरात गटाराच्या शेवटी चालू केंद्रच नाही, तेथे गटाराची सवलत देणे म्हणजे नदीत सोडण्याचाच परवाना देणे होय.

हे गृहीत कोसळले की काय होते, याचे उदाहरण कानपूरच्या जाजमऊ भागात आहे. गंगा कृती योजनेत नेदरलँड्सच्या साहाय्याने तेथे दररोज ३ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे केंद्र १९९४ साली सुरू झाले. चर्मोद्योगाचे ९० लाख लिटर पाणी शहराच्या २ कोटी ७० लाख लिटर मैल्यात मिसळायचे, अशी योजना होती. क्रोमियम कारखान्यातच अडवले जाईल, हा तिचा आधार. नेहमीच्या पद्धतीत कातडे जवळपास दोन तृतीयांश क्रोमियम शोषते. उरलेले पाण्याबरोबर जाते. ते पुरेसे अडवले गेले नाही. केंद्रातून निघालेले पाणी आसपासच्या गावांच्या शेतीला दिले गेले आणि त्या मातीत क्रोमियम साठले. अखेर केवळ चर्मोद्योगासाठी दररोज २ कोटी लिटरचे स्वतंत्र केंद्र मंजूर करण्याची वेळ आली, तेही मुख्यतः जनतेच्या पैशातून.

याच कानपूरच्या चर्मोद्योगांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिलेला निर्णय कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. ऐपत नाही, ही सबब न्यायालयाने मानली नाही. जो उद्योग किमान वेतन देऊ शकत नाही त्याला जसा अस्तित्वाचा हक्क नाही, तसाच प्राथमिक शुद्धीकरण न करणाऱ्यालाही नाही, असा त्याचा आशय होता. त्याआधी १९८० साली रतलामच्या प्रकरणात, पैसा नाही म्हणून नगरपालिकेलाही आपले कर्तव्य टाळता येणार नाही, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले होते.

तथापि येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. त्याच १९८७ च्या निर्णयात असेही म्हटले गेले की कारखाने बंद पडून बेकारी येईल, पण लोकांचे जीवन व आरोग्य अधिक मोलाचे. तत्त्व बरोबर असले तरी बंदीचा पहिला फटका मालकाला बसत नाही, रोजंदारीवरील कामगाराला बसतो. म्हणूनच नियम शिथिल करा, ही मागणी पुष्कळदा कामगारांच्या नावाने मालकच पुढे करतात. इचलकरंजीसारख्या कापडप्रक्रियेच्या गावातील कार्यकर्त्यालाही हा पेच टळणार नाही. त्याचे उत्तर नियम ढिला करण्यात नाही. लहान घटकाला तो पाळता येईल अशी सामायिक व्यवस्था उभारण्यात आहे. अशा सामायिक केंद्रांना १९९१ नंतर केंद्र व राज्य यांनी अनुदाने दिली. परंतु सार्वजनिक पैशातून केंद्र बांधायचे आणि ते चालवण्याचा खर्च चुकवायचा, हे होता कामा नये.

म्हणून नगरपालिकेतील पक्षाच्या सभासदांनी काही निश्चित मागण्या लावून धराव्यात. पहिली, आकारणी पाण्याच्या प्रमाणावर आणि त्यातील घाणीच्या तीव्रतेवर व्हावी. दुसरी, मोजणी केवळ लिटरमागे मिलिग्रॅममध्ये न करता दिवसाला एकूण किलोग्रॅममध्येही व्हावी; नाहीतर नळाचे स्वच्छ पाणी मिसळून आकडा खाली आणता येतो, घाण मात्र तेवढीच राहते. तिसरी, नमुने रात्रीही आणि पूर्वसूचनेशिवाय घेतले जावेत आणि निष्कर्ष वॉर्डाच्या कचेरीत मराठीत लावले जावेत. चौथी, प्रदूषणामुळे कारखाना बंद ठेवावा लागला तर त्या काळाचे वेतन मालकाने द्यावे. पाचवी, देखरेख समितीत कामगार संघटना, सफाई कामगार आणि खालच्या अंगाच्या गावांतील शेतकरी यांना जागा असावी.

हा आग्रह आज अधिक निकडीचा आहे. २०२४ च्या दुरुस्तीने जलप्रदूषण कायद्यातील अनेक अपराधांवरील कारावासाची तरतूद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. सुरुवातीला ती हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांपुरती होती. इतर राज्यांना ठरावाने ती स्वीकारण्याची मुभा दिली गेली. मोठ्या कारखान्याला असा दंड शुद्धीकरणाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडला, तर तो दंड भरील आणि घाण सोडीत राहील. किमान वेतनाचा कायदा कागदावर असूनही कामगारांना त्यासाठी गेटसभा घ्याव्या लागल्या. सांडपाण्याच्या नियमासाठीही त्या घ्याव्या लागतील. फरक एवढाच की या गेटसभेत कारखान्यातील कामगाराच्या शेजारी गटारात उतरणारा कामगार आणि नदीकाठचा शेतकरी उभा असला पाहिजे.